पिठासकट

"गिरणीतून थेट या, अंघोळ करू नका," असं डॉक्टर सबनीसबाईंनी बजावलं होतं. म्हणून गिरणीवाला मनोहर पिठानं माखलेलाच दवाखान्यात आला. सात वर्षांच्या केतकीनं बापाला असं कधी पाहिलंच नव्हतं. तिला गव्हाचं वावडं होतं. तो गिरणीवरच अंघोळ करून घरी आला तरी तिच्या मनगटावरचा, गहू बाधू लागला की रंग बदलणारा पट्टा हिरव्याचा लाल व्हायचा. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिच्या रक्तातल्या पेशी काढून, गहू शत्रू नाही अशी त्यांना ओळख करून देऊन परत तिच्या अंगात सोडल्या होत्या.

"आता घ्या तिला जवळ," डॉक्टर म्हणाल्या.

मनोहरचे हात उठेनात. केतकीच त्याला बिलगली आणि शिंकली. तिघंही पट्ट्याकडे बघत राहिले. तो हिरवाच होता.

"पीठ नाकात गेलं की सगळेच शिंकतात," डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतःही शिंकल्या. तेव्हा कुठे मनोहरनं लेकीला उचललं.