एक पापुद्रा कमी

नोरीनने निळे पापुद्रे पुन्हा मोजले. एक कमीच भरला.

अमेरिकेतल्या विचिटाच्या त्या विमान कारखान्यात तेव्हा यंत्रं आली नव्हती. विमानाच्या शेपटीचे भाग बायका हातानेच रचत. राळेत मुरलेलं काळं कार्बनचं कापड साच्यावर थरावर थर बसवायचं, आणि प्रत्येक थराचा प्लास्टिकचा निळा पापुद्रा सोलून बाजूला ठेवायचा. जितके थर तितके पापुद्रे भरले, तरच तुकडा भट्टीत जाई. एखादा आत राहिला, तर पुढे उडत्या विमानात तिथले थर सुटायचे.

"हा घे," साच्यापलीकडून ग्लेंडा म्हणाली. तिच्या हातात निळा पापुद्रा होता. "माझ्या बुटाला चिकटला होता."

नोरीनने पापुद्र्याकडे पाहिलं, मग ग्लेंडाच्या मागच्या कापडाच्या गुंडाळीकडे. तिथून आत्ता सोललेला पापुद्राही असाच दिसला असता. संपात बाकीच्या जणी फाटकाबाहेर बर्फात उभ्या होत्या, तेव्हा ही बया मान खाली घालून आत गेली होती. त्यानंतर एकाच साच्यावर समोरासमोर काम करूनही नोरीन तिच्याशी बोलली नव्हती.

मुकादम ड्वेन आला. भट्टी तापली होती. नोरीनच्या हातचा एक तुकडा यंदा भंगारात गेलाच आहे, दुसरा गेला तर साच्यावरून उठावं लागेल, अशी त्याने आठवण करून दिली. पापुद्रा सापडला ना, मग मार तपासणीचा शिक्का, म्हणाला.

शिक्का नोरीनचा होता.

"हिच्या शब्दावर?" ती ड्वेनला म्हणाली. "ही आज मंगळवार म्हणाली, तरी मी कॅलेंडर बघीन."

"बघ की," ग्लेंडा म्हणाली. "कोणी अडवलंय?"

नोरीनने वरच्या थराचा कोपरा उचलला. ड्वेन एक पाऊल पुढे आला आणि थांबला. एकदा ओढलेला थर वेडावाकडा होतो, पुन्हा बसत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

थर लांबलचक, एकटीला सरळ निघेना. ग्लेंडाने समोरून दुसरं टोक धरलं. नोरीनने वर पाहिलं नाही. दोघी थरामागून थर सोलत गेल्या. काळं चिकट कापड पायाशी साठत गेलं. प्रत्येक थराखाली नोरीन निळं काही शोधत होती. निम्म्यावर आल्यावर तिचे हात घाई करू लागले. आता तो दिसावाच, असं तिला वाटू लागलं होतं.

शेवटचा थर निघाला. खाली नुसता चकचकीत साचा.

ड्वेन भट्टी बंद करायला गेला.

ग्लेंडाने हातमोजे काढले. तो पापुद्रा नोरीनच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि तळव्याने दाबून सपाट केला.

"हं," ती म्हणाली. "आता मोज."