बोअरचं पाणी

गुरांच्या डॉक्टरांनी कालवडीचा जबडा उघडला. दातांवर तपकिरी डाग होते. "दात घडताना पाण्यातलं फ्लोराइड त्यांत मुरतं, मग जन्मभर जात नाही. पाणी कुठलं पाजता?"

"आमच्या बोअरचं," गिरजा म्हणाली. वाटणीत थोरल्या भावानं न मागता बोअरसकट रान दिलं, तेव्हा तिनं गावभर त्याचं कौतुक केलं होतं.

ती तडक त्याच्या गोठ्यावर गेली. "दादा, पाणी वाईट आहे हे तुला ठाऊक होतं?"

भाऊ वैरण टाकत राहिला. "तपासून घेतलं होतं," तो म्हणाला. "म्हणूनच तर तो तुकडा तुला दिला."

गिरजा तशीच मागं फिरली. घरी तिच्या लेकीचे दुधाचे दात पडून नवे येत होते. पहिल्याच दातावरचा डाग घासून जाईल, असं तिला वाटलं होतं.