चिठ्ठ्यांची फांदी

१९६३ सालची गोष्ट. आमच्या गावच्या बांबूंना बुरशी लागली, पानं बारीक झाली आणि फांद्यांना झाडूसारखे दाट झुपके फुटले. आमचं घर वडिलांनी विणलेल्या बांबूच्या टोपल्यांवर चालायचं. ते गावप्रमुखांना म्हणाले, "तोकुनागासान, रोगट फांद्या आजच तोडून जाळू या."

"तेत्सुजी, तू आपल्या टोपल्या विण. डोकं चालवायला मी बसलोय."

तेवढ्यात तानाबाताचा सण आला. मनातली इच्छा चिठ्ठीवर लिहून बांबूच्या फांदीला बांधायची, हा त्याचा रिवाज. त्या दीडशहाण्याने नेमके तेच झुपके तोडले, "किती भरगच्च आहेत बघा!" म्हणत घरोघर वाटले आणि ज्याला त्याला आपापल्या बनात रोवायला लावले. आम्ही सगळ्यांनी एकच इच्छा लिहिली: आमचं बन बरं होऊ दे.

काही वर्षांत गावात एकही बन उरलं नाही. वडील ओसाकाला प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात लागले आणि तिथेच वारले.

तोकुनागा बांबूरोग निवारण समितीचे अध्यक्ष झाले, आणि नव्वदी गाठेपर्यंत सांगत राहिले की तेत्सुजीच्या पोरीनं चिठ्ठीवर अक्षर नीट काढलं नव्हतं.