सुनेच्या दारातला तरवड

पहिले दोन तरवड मी पाणी घालून घालून मारले. माझं माहेर गुहागरचं. झाड म्हटलं की सकाळ-संध्याकाळ शिंपायचं, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्याची मुळं कुजली, तेव्हा जतहून आलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातली झारीच काढून घेतली.

"दुष्काळातलं झाड हाय ते. लाड केलंस तर मरंल," म्हणाल्या, आणि जाताना नवं बी पेरून गेल्या.

रोप वीतभर झालं, तसं मी पाणी तोडलं. पाणी न घालणं किती अवघड असतं, ते त्या दोन उन्हाळ्यांत कळलं. शेजारचा मोगरा पाणी पिऊनही मान टाकायचा; हा कोरड्या मातीत हिरवागार. तरी हात शिवशिवायचा, म्हणून शेवटी झारी माळ्यावर टाकली.

आमच्याकडे घटाला पहिली माळ तरवडाच्या पिवळ्या फुलांची. अकरा वर्षं सासूबाईच ती फुलं ओल्या फडक्यात बांधून सांगलीला आणत होत्या. यंदा घटस्थापनेच्या सकाळी त्या एसटीतून उतरल्या, तर हातात नुसती कपड्यांची पिशवी.

नवरा धास्तावला. "आई, फुलं?"

"गावाकडनं कशाला आणायची? सुनेच्या दारात तरवड हाय की."

झाड फुललंय का, हे त्यांनी फोनवर एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर मी परडी घेऊन अंगणात गेले. परडी काठोकाठ भरली, तरी झाड पिवळंच होतं.