आखाजीचं माहेरपण

साक्रीत लताबाईच्या सासरी एक रीत फार कडक. आखाजीच्या सणाला भाऊ न्यायला आला, तरच सुनेनं माहेरी जायचं. आई चाळीसगावला एकटी, आणि भाऊ भटू जर्मनीत.

यंदा सणाच्या तोंडावर शेजारच्यांच्या फोनवर त्याचा फोन आला.

“अक्का, पुढच्या वर्षी तू इकडं ये. सगळं ठरवलंय बघ. गाडी मी चालवीन. सकाळी जर्मनीतून निघू, जेवायला फ्रान्समध्ये. सीमेवर कोणी हटकतसुद्धा नाही!”

“बरं,” ती म्हणाली.

घरात पाऊल टाकताच सासूनं विचारलं, “मंग, तुले आखाजीले लेवाले कोन येई?”



लताबाईनं आईसाठी बांधून ठेवलेल्या सांजोऱ्या सोडल्या आणि सासूच्या ताटात वाढल्या.