नऊ थांब्यांची झाशी

“यात किल्ला कुठे आहे?” अनुसूयेने कागद उलटसुलट करून पाहिला.

“किल्ला सगळेच बघतात,” मार्तंडराव म्हणाले. “ही पायी फिरायची झाशी. पाहुण्याने कागद घ्यावा आणि कुणाला न विचारता एकट्याने फिरावं. नीट लिहिलंय का, तेवढं चालून बघ.”

“आणि नागपूरचं काय, नाना?”

“तू आल्यावर सांगतो.”

उद्याच्या गाडीची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये होती. गेल्या महिन्यात नाना न्हाणीघरात पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. ती एकुलती एक. या खेपेला त्यांना घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. पण नानांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. तिने मुकाट्याने चपला घातल्या.

कचेरीत बत्तीस वर्षं फायली लिहिलेला माणूस तो. नऊ थांबे होते आणि प्रत्येकाला आकडा होता. शेवटचा थांबा घडी घालून टाचणीने बंद केला होता. ‘तिथे पोचल्यावरच उघडणे.’ म्हातारपणी हे काय खूळ, म्हणत ती हसली.

वाट मात्र विचित्र होती. जवळची गल्ली सोडून कागद तिला बाजारातून लांबून नेत होता. ‘गल्ली अरुंद. चौघं नीट चालू शकत नाहीत.’

तिसरा थांबा कुंभाराचा होता. ‘जगन्नाथला आपलं नाव सांगणे.’ तिने सांगितलं.

“बाबूजी की बिटिया?” म्हातारा हात पुसत उठला. “अच्छा हुआ, आज देख लिया. अब पहचान लेंगे.”

त्याने तिला पाणी दिलं आणि उगाच मडकी इकडची तिकडे करत राहिला.

ओरछा गेटाजवळच्या ओट्यावर पाचवा थांबा होता. ‘घटकाभर टेकणे. इथवर खांदे भरून येतात.’ तिच्या खांद्याला तर नुसती पर्स होती.

ओट्यावर यशवंतकाका बसले होते, नानांचे पत्त्यांचे सोबती. पूर्वी या भागात दिवाळीचा फराळ वीस मराठी घरांत फिरायचा. आता चार घरं उरली होती.

“मार्तंडला सांग,” काका म्हणाले, “शशिकांत गेला, आता आम्ही तिघंच. पण चौथ्याची चिंता करू नको म्हणावं. नगरा मोहल्ल्यातून माझा भतीजा येईल, बात हो गई है.”

या वयातही पत्त्यांचा डाव सुटत नाही, याची अनुसूयेला गंमत वाटली. लगेच वाईटही वाटलं. नागपूरच्या फ्लॅटमध्ये नाना कुणाशी बोलणार? आपला हट्ट तिला पहिल्यांदाच टोचला. पण हे म्हातारे तरी एकमेकांना किती दिवस पुरणार होते? तिकिटं रद्द करायची नाहीत, तिने स्वतःला बजावलं.

गेटाबाहेर घरं विरळ झाली. ऊन चढलं. सहावा, सातवा, आठवा थांबा म्हणजे नुसत्या झाडांच्या सावल्या होत्या. पाहायला काहीच नव्हतं.

शेवटी एक लोखंडी फाटक आलं. आत लाकडांचे ढीग होते आणि एक माणूस ओंडके रचत होता. वखार असावी. एवढं उन्हातून चालवून नानांनी तिला वखार दाखवली होती. वैतागून तिने टाचणी काढली.

‘थांबा नववा. अनू, तुझ्या आईला इथे आणलं, तेव्हा तुला आम्ही दारातच थांबवलं. त्याची मला फार लाज वाटते. माझ्या वेळी मडकं धरून पुढे तूच चालायचंस. वाट आता तुला ठाऊक झाली. घरी जाताना मागे वळून पाहू नकोस.’