उजवी खिडकी

गांधीबागेत माझं तिकिटांचं दुकान आहे. विमानातली खिडकी गिऱ्हाइकानं स्वतः निवडलेली मला खपत नाही. श्रीनगरला जाताना उजवी, परतताना डावी, म्हणजे दोन्ही वेळा पहाड दिसतात. वामनराव आणि यमुताई या जोडप्यालाही तशाच खिडक्या दिल्या. काल वामनराव तिकडंच हार्ट अटॅकनं गेले. आज यमुताईंचा फोन आला. "भाऊ, उद्याच्या विमानात माझं एकटीचं तिकीट काढा." आवाज कोरडा होता. मी सवयीनं म्हणालो, "डावी खिडकी देतो." "उजवी द्या." "परतताना उजवीकडून काहीच दिसत नाही, ताई." "सामान चढताना दिसते. येताना आमची लाल बॅग चढत होती, ती यांनी मले काचेले बोट लावून दाखवली." "आता बॅग कशाला पाहायची?" मी विचारलं. "बॅग नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या यांले सामानात चढवून राहिले."